वळलेली धार: भोजपूरच्या एका खुकुरीचं प्रकरण

नवमीच्या सकाळी बोकडाच्या मागच्या पायाच्या हाडावर खुकुरी, म्हणजे नेपाळी वाकडा सुरा, बसली आणि तिची धार वळली. तुकडा उडाला नाही, दाते पडले नाहीत. वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी पोटाजवळची, म्हणजे पात्याच्या सर्वांत रुंद भागाजवळची, अडीच इंच धार एका अंगाला झोपली. सणाचा दिवस, अंगणात पंधरा माणसं, अचानोवर म्हणजे खाटकाच्या ओंडक्यावर मांस अर्धवट, आणि यजमानांचा चेहरा पडलेला. दशैंत, म्हणजे नेपाळी दसऱ्यात, हत्यारानं दगा देणं त्यांच्याकडे शुभ मानत नाहीत. आपल्याकडे खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दुसऱ्याच घावाला वाकलं तर घरातली म्हातारी माणसं जे म्हणतील, तेच तिथे म्हटलं गेलं.

यजमानांची ओळख करून देतो. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, तिथल्याच गेटवर ते बावीस वर्षं होते. कारखाना त्यांना बहादूर म्हणे. ते त्यांचं नाव नव्हतं, आणि हे मला तिसऱ्या की चौथ्या वर्षी कळलं. निवृत्तीनंतर ते पूर्व नेपाळातल्या आपल्या गावी, भोजपूर जिल्ह्यात परतले आणि दरवर्षी दशैंला बोलवत राहिले. शेवटी गेलो. धरानवरून धनकुटा, हिले, मग खाली उतरून अरुण नदी ओलांडायची आणि पुन्हा चढ. भोजपूर खुकुरीसाठी नेपाळभर प्रसिद्ध. ‘भोजपुरे’ हा खुकुरीचा एक प्रकारच आहे: पोटाला रुंद, अंगाला जाड. गवताच्या पात्यासारखी निमुळती असते ती ‘सिरुपाते’. म्हणजे आंब्याच्या गावात जाऊन हापूस आंबट निघाल्यासारखं हे झालं होतं.

जाताना बॅगेत व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, टाकला म्हणून बायकोनं कपाळावर हात मारला होता. तो कामाला आला.

दोन सख्ख्या खुकुऱ्या

धार वळली की खापर फोडायला दोन जागा असतात: पोलादाला दिलेलं पाणी आणि धारेची घडण. अंगणात लगेच दोन पक्ष पडले. थोरल्या भावाचं म्हणणं, पाइनच गेलेलं आहे. पोलाद तापवून पाण्यानं कडक करतात, त्याला नेपाळीत पाइन म्हणतात. आपले लोहार ‘पाणी देणं’ म्हणतात तेच. यजमानांचं म्हणणं, पंचवीस वर्षं टिकलेलं पाइन एका सकाळीत कसं जाईल? दोघंही खुकुरी हातात न घेता वाद घालत होते, आणि वाद घालण्याची ही पद्धत मला टूलरूममुळे चांगली परिचयाची आहे.

मला मात्र एक फार मोलाची गोष्ट मिळाली. पंचवीस वर्षांपूर्वी दोन भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा वडिलांनी गावच्या आरनमधून, म्हणजे लोहाराच्या भट्टीवरून, दोघांना एकेक खुकुरी करून घेतली होती. एकाच ट्रकच्या एकाच पाट्यातून, एकाच हातानं, एकाच आठवड्यात. दोन्हींचं पातं साधारण ११ इंच, वाकावर पाठ ९ मिलिमीटर जाड, मुठीसकट वजन ७०० ग्रॅमच्या आगेमागे. मुठी म्हशीच्या शिंगाच्या, पात्याची शेपटी आत लाहानं, म्हणजे लाखेनं, पक्की केलेली. थोरल्याची खुकुरी रोज सरपण फोडते आणि तिची धार ठीक होती. धाकट्याची वळली. दोन नमुन्यांपैकी एकातच बिघाड आणि बाकी सगळं सारखं, अशी संधी कारखान्यात पैसे देऊनही मिळत नसे.

मग फरक कुठे पडला? विचारल्यावर कळलं, दशैंच्या आधी आठ दिवस यजमानांनी आपली खुकुरी बाजारातल्या एका दुकानात विजेच्या चाकावर धार लावायला दिली होती. तिथून ती आली ती चकचकीत होऊन, कागद सर्रकन कापणारी. सगळ्यांनी वाखाणली. बांबूच्या चोया, म्हणजे डोको ही पाठीवरची टोपली विणायच्या पातळ पट्ट्या, तिनं अशा निघाल्या की थोरल्यानंही आपली खुकुरी तिथेच द्यायचं ठरवलं होतं. त्याला वेळ झाला नाही, एवढंच.

ग्राइंड म्हणजे नक्की कुठला भाग

इथे थोडं थांबायला हवं, कारण खुकुरीच्या ग्राइंडबद्दल, म्हणजे पातं घासून दिलेल्या आकाराबद्दल, बोलताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतात.

एक पात्याच्या अंगाची घडण आणि दुसरी धारेची. या दोन खुकुऱ्यांच्या पात्यावर पाठीखाली लांबट खोलगट भाग आहे. त्याला अङखोला म्हणतात. तीन समांतर पन्हळी असतील तर तीन चिरा. हा खोलगटपणा बघून पुष्कळ जण म्हणतात, खुकुरी म्हणजे ‘हॉलो ग्राइंड’. न्हाव्याच्या वस्तऱ्याचं पातं खोलगट असतं, आणि ती खोल थेट धारेपर्यंत उतरते. म्हणून वस्तरा इतका पातळ आणि इतका नाजूक. अङखोलाची खोल मात्र अर्ध्या वाटेवर संपते. तिच्याखाली पात्याला पुन्हा फुगवटा येतो आणि त्या फुगवट्याच्या खाली धार सुरू होते. आडवा छेद डोळ्यांपुढे आणा: वर जाड पाठ, मग बाजूनं चिमटा काढल्यासारखी खोल, मग पोट, मग धार. खोलीमुळे वजन घटतं. पोटामुळे लाकडात घुसलेली खुकुरी अडकून बसत नाही, कारण फुगवटा ढलपी बाजूला सारतो आणि वरच्या खोलीत लाकूड पात्याला घासतच नाही. ज्यानं ओलं लाकूड कोयत्यानं तोडून कोयता काढताना मनगट दुखवून घेतलंय, त्याला हे समजवावं लागणार नाही.

धारेची घडण ही खालच्या पाच-सात मिलिमीटरची गोष्ट. तिथे मुख्य पर्याय दोन. दोन्ही बाजूंनी सरळ उतार देऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखी केलेली ती व्ही धार. उतार सरळ न ठेवता बाहेरून गोलसर, सुपारीच्या फाकेसारखा केला की ती कॉन्व्हेक्स. तिला मी पोटाळ धार म्हणतो. आरनमधली जुन्या हाताची खुकुरी बहुतेक पोटाळ असते. हातानं दगडावर घासताना पाठ थोडी वर-खाली होतेच, आणि त्या झुलण्यातून गोलाई आपोआप येते. विजेच्या चाकावर हात टेकवून एका कोनात ओढलं की आपोआप व्ही येते. बरेचदा ग्राइंड ही आवडीनिवडीची गोष्ट नसतेच, अवजाराची असते.

घरात तिसरीही एक होती. पुतण्यानं काठमांडूच्या थामेलमधून पर्यटकांसाठीची आणलेली, आरशासारखी लख्ख, म्यानावर पितळी नक्षी. तिला धारच नव्हती. भिंतीवर छान दिसत होती, तिच्याबद्दल एवढं पुरे.

व्हर्नियरनं काय सांगितलं

दोन्ही खुकुऱ्यांच्या पोटाजवळ, जिथे घाव बसतो तिथे, धारेपासून १, ३ आणि ५ मिलिमीटर मागे मार्करनं रेघा मारल्या आणि जाडी मोजली. अशा मोजणीत दशांश मिलिमीटर इकडेतिकडे होतो, हे गृहीत धरा. वळलेल्या धारेवर मोजता येत नाही म्हणून धाकटीची मापं वळलेल्या भागाला लागून, जिथे ती शाबूत होती तिथे घेतली.

धाकटी: ०.५, १.५ आणि २.५ मिलिमीटर. दर मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर, सरळ रेषेत. निखळ व्ही, एकूण कोन २८ अंशांच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीचा कोन असाच असतो. तोडकामाच्या हत्याराला ४० ते ५० अंश ठेवतात.

थोरली: ०.८, १.९ आणि २.८ मिलिमीटर. वाढ आधी भराभर, मग मंद. पोटाळ.

आता या आकड्यांतली गंमत बघा. ५ मिलिमीटर मागे दोघींत फरक किती? ०.३ मिलिमीटर. हातात घेऊन कुणालाही कळणार नाही, म्हणूनच तर दोन्ही भाऊ शपथेवर सांगत होते की खुकुऱ्या अजून सारख्याच आहेत. पण १ मिलिमीटरवर थोरली १.६ पट जाड आहे. पातळ पट्टीची वाकायला विरोध करायची ताकद जाडीच्या वर्गानं वाढते, ताठपणा घनानं. म्हणजे त्या शेवटच्या मिलिमीटरात थोरलीची ताकद अडीचपट आणि ताठपणा चौपट. हाडाची गाठ पडते ती या मिलिमीटराशी. वरचं ७०० ग्रॅम पोलाद नुसता ढकलायचं काम करतं.

‘पोटाळ धार मजबूत असते’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण ते अर्धं आहे. कशाच्या तुलनेत मजबूत? धारेमागे पाच मिलिमीटरवर जाडी सारखी ठेवली, तर पोटाळ धारेच्या टोकाशी जास्त पोलाद राहतं, ती मजबूत. पण टोकाचाच कोन सारखा ठेवला, समजा दोन्हींना ४४ अंश, तर व्ही सरळ जाडच होत जाते आणि पोटाळ मागे बारीक होते. तेव्हा व्ही मजबूत आणि पोटाळ खोल घुसणारी. दोन माणसं ग्राइंडवरून भांडत असतील तर बहुतेक वेळा एक जण पहिली तुलना करत असतो आणि दुसरा दुसरी. नावापेक्षा मला १ मिलिमीटर मागची जाडी सांगा, मग बोलू.

पण एवढ्यावर प्रकरण मिटत नव्हतं. नुसती पातळ पण कडक धार हाडावर बसली असती तर तिला दाते पडले असते. ही दुमडली होती. म्हणजे पोलादही मऊ झालेलं असणार.

निळा डाग

खुकुरीला मुठीच्या जवळ धारेत एक खाच असते, तिला काउडी म्हणतात. ती कशासाठी याची स्पष्टीकरणं डझनभर आहेत, गाईच्या खुरापासून त्रिशूळापर्यंत. ज्याला जे आवडेल ते त्यानं घ्यावं. (म्यानातून काढलेली खुकुरी रक्त प्यायल्याशिवाय परत जात नाही, ही त्यातलीच एक कथा. यजमानांच्या घरची खुकुरी दिवसातून दहा वेळा निघते आणि बहुतेक वेळा भोपळा पिते.) माझ्या कामाची गोष्ट अशी की चाकाचं पॉलिश त्या खाचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. भिंग लावून बघितलं तर तिथे मोहरीएवढा जांभळट-निळा डाग राहून गेला होता.

टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला हा रंग झोपेतही ओळखू येतो. पोलाद तापलं की वर पातळ साय धरते आणि तिचा रंग तापमान सांगतो: २२५ अंश सेल्सिअसच्या आसपास गवती पिवळा, २६०ला तपकिरी, २८०ला जांभळा, ३००च्या पुढे निळा. कोरड्या चाकावर धार दाबून धरली होती आणि कड तापली होती. काउडीजवळ ३०० अंश, तर त्याहून पातळ असलेल्या पोटाच्या कडेनं किती गाठले असतील? बाकीचा रंग पॉलिशमध्ये निघून गेला. खुकुरी चमकत होती ती पुरावा पुसल्यामुळे.

कानस फिरवून बघितली; कडक पोलादावर ती सटकते, मऊ पोलादात चावते. धारेपासून चार मिलिमीटर वर ती सटकत होती, ऐन कडेवर चावत होती. उलटं हवं. थोरलीच्या कडेवर कानस सटकत होती.

मग दोषी कोण, कोन की उष्णता? दोन्ही एकाच दुकानात, एकाच दिवशी झालेलं. ते वेगळं करायला आरनमध्येच जावं लागणार होतं, आणि दशमीला कपाळावर टीका लागेपर्यंत आरन बंद.

आरनमध्ये

लोहारबाबा सत्तरीच्या पुढचे. दोन्ही मुलगे आखातात. भाता नाही, भट्टीला विजेचा ब्लोअर आहे; ऐरण म्हणजे जमिनीत पुरलेला जाड लोखंडी ठोकळा. मला ते भाइ म्हणत, मी त्यांना बा. मधे यजमान नेपाळीचं मराठी करत, आणि जमेल तिथे आम्ही हिंदीवर भागवलं. काही शब्दांना भाषांतर लागलंच नाही. धार लावायच्या चाकाला ते सान म्हणतात. आपण सहाण म्हणतो.

त्यांनी खुकुरी उजेडात धरली, वळलेल्या भागावरून अंगठा आडवा फिरवला आणि यजमानांकडे बघून नेपाळीत दोनच शब्द बोलले. यजमानांनी त्याचं भाषांतर केलं नाही.

इथे एक जुनी गोष्ट उघडी पडली. पूर्वी हे घर आणि हे आरन बालीघरे पद्धतीनं बांधलेलं होतं. पीक निघालं की ठरलेलं धान्य लोहाराला, आणि वर्षभर घरातला प्रत्येक विळा, कुदळ, खुकुरी त्यानं बघायची. मी म्हटलं, ही तर आमची बलुतेदारी. भाऊ पांगले, पैसा परदेशातून येऊ लागला, धान्य बंद झालं. लोहाराकडे जायचं तर रोख द्यायचे आणि दोन दिवस थांबायचं. बाजारात दहा मिनिटांत काम होतं. धार वळण्याचं हेही एक कारण आहे, फक्त ते व्हर्नियरवर दिसत नाही. जुन्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. नेपाळच्या कायद्यानं शिवाशिव १९६३ साली संपवली, २०११ साली जातीवरून भेदभाव हा गुन्हा ठरवला. तरी नंतर बा काम आटोपून घरी आले तेव्हा त्यांचा चहा अंगणातच आला. मी काही विचारलं नाही. न विचारल्याचं अजून टोचतं.

पाणी कसं देता, हे विचारल्यावर त्यांनी कोपऱ्यातली ॲल्युमिनियमची किटली दाखवली. लालभडक पातं हौदात बुडवायचं नाही. धार वर करून धरायची आणि किटलीच्या चोचीतून फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडायची, टोकापासून काउडीपर्यंत, पुन्हा परत. पाठ लालच राहते. गाडीच्या पाट्याच्या पोलादात साधारण ०.६ टक्के कार्बन आणि वर मिश्रधातू. त्याला खरं तर तेल मानवतं, सगळं पातं पाण्यात घातलं तर तडकायची भीती. किटलीनं फक्त कड कडक होते. आणि पाणी थांबवल्यावर पाठीतली शिल्लक ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि तिचा ठिसूळपणा कमी करते. आमच्याकडे त्यासाठी वेगळी भट्टी आणि तापमानाचा तक्ता होता. बा पाण्याच्या सुसाट्याचा आवाज ऐकून थांबतात.

याचा दुसरा अर्थ असा की कडक पोलादाची पट्टी रुंदीला बेताचीच असते. चाकावर दरवर्षी दोन-दोन मिलिमीटर खाल्ली तर काही वर्षांत खाली मऊ पोलादच उरेल. थोरल्याच्या शंकेत तथ्य असतं, तर ते असं असतं.

आम्ही तीन पायऱ्यांनी गेलो. माझ्या आग्रहाखातर, बांनी एकाच पायरीत केलं असतं.

पहिली: आहे त्या धारेचा शाबूत भाग पितळी सळईवर तिरका दाबून ओढला. कड सळईवरून जाताना वाकते, हे डोळ्यांना दिसतं. कडक पण चिवट असेल तर मागे येते. ही वाकली आणि तशीच राहिली.

दुसरी: पोटाजवळ दोन बोटं रुंद भागातून दीड मिलिमीटर पोलाद ओल्या दगडावर घासून काढलं आणि कोन मुद्दाम तोच, २८ अंश, ठेवला. आता तीच सळई, तोच दाब. कड वाकली आणि मागे आली. म्हणजे पाइन शाबूत होतं, वरची साल भाजली होती. थोरला भाऊ इथे गप्प झाला. मग त्याच दोन बोटांनी कालचं उरलेलं हाड तोडलं. वळली नाही, पण भिंगाखाली तीन बारीक दाते दिसले. म्हणजे उष्णता नसती तरी हा कोन हाडापुढे टिकला नसता. फक्त वेगळ्या तऱ्हेनं हरला असता. यजमानांना हे ऐकून फारसा आनंद झाला नाही, कारण दुकानदाराला सगळा दोष देता आला असता तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

तिसरी पायरी बांची. मांडीखाली लाकडी फळी, तिच्यावर खुकुरी, हातात ओढ्यातला पाणी पाजलेला चपटा दगड. दगड धारेकडून पाठीकडे ढकलताना मनगट किंचित उचललं जाई. परत येताना खाली. प्रत्येक फटक्याला तीच लकेर. मी मोजायला लागलो आणि दोनशेच्या पुढे नाद सोडला. शेवटी म्यानाच्या कप्प्यातला चकमक, म्हणजे बोथट छोटा पोलादी तुकडा, धारेवरून हलक्या हातानं फिरवला. त्याच कप्प्यात त्याच्या शेजारी छोटी सुरी असते, ती कर्द. बाहेरच्या लोकांना चकमक फक्त आग पाडायचा वाटतो. त्याचं रोजचं काम धार सरळ करण्याचं.

पोटाजवळची मापं पुन्हा घेतली: ०.८, १.८, २.८. पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच हाताला बा एक दशांशाच्या आत पोचले होते. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी व्हर्नियर हातात घेऊन त्याचं पोलाद नखानं वाजवून बघितलं आणि परत दिला.

चोयांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी अंगणात तीन कामं करून बघितली, दोन्ही खुकुऱ्यांनी. उत्तिस या झाडाचं वाळकं लाकूड फोडलं: दोन्ही सारख्या, अडकल्या नाहीत. बाजारची धार असताना हीच धाकटी लाकडात रुतून बसत होती, असं पुतण्यानं आपणहून सांगितलं. ते आधी कुणी बोललं नव्हतं. हाड: दोन्हींना काही झालं नाही, भिंगाखालीही नाही.

बांबूच्या चोया: इथे दोन्ही खुकुऱ्या नापास व्हायच्या लायकीच्या होत्या. चोया काढताना धार रेषांच्या दिशेनं सरकवत बांबू उलगडायचा असतो. पोटाळ धार कापण्याआधी पाचरीसारखी फाकवते, मग चीर धारेच्या पुढे पळते आणि पट्टी एका अंगाला पातळ होऊन तुटते. बाजारच्या व्हीनं हे काम अप्रतिम केलं होतं. ती खोटी नव्हती, तिला भलत्या कामाला लावलं होतं.

पण यजमानांच्या आईनं (वय ऐंशीच्या पुढे, भाजी चिरायला चुलेसी वापरतात, आपली विळीच ती, पायानं दाबून धरायची) बांबू ओढून घेतला, दुरुस्त केलेली खुकुरी उचलली, पोट सोडून काउडीच्या लगतची चार बोटं बांबूला लावली आणि चोय अशी काढली की वरून खालपर्यंत एकसारखी. म्हणाल्या, ‘‘यताबाट, बाबु.’’ इकडून.

मी तिथली जाडी घेतलीच नव्हती. घेतली. १ मिलिमीटरवर ०.५५. टोकाकडे ०.७. बांनी पोट पोटाळ केलं होतं, पण काउडीजवळ मनगट न उचलता जवळजवळ सरळ उतार दिला होता, निळा डागही तेवढ्यात घासून काढला होता. मी पोटाजवळच्या एका जागी व्हर्नियर लावून अख्ख्या खुकुरीचं ग्राइंड ठरवत बसलो होतो. थोरलीवर मोजलं, तिथेही तेच निघालं. हाताला फार बळ लागत नाही ते काम मुठीजवळ, घाव पोटावर, टोचणं-सोलणं टोकावर. त्या त्या जागी त्या त्या कामाची धार. दुकानदाराचा कोन बांच्या काउडीजवळच्या कोनाच्या अगदी जवळचा होता. त्यानं तो टोकापर्यंत ओढत नेला.

आरनमध्ये जाऊन बांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. ‘‘एउटै खुकुरीमा तीन थरी धार हुन्छ, भाइ. तपाईंले सोध्नुभएन.’’ एकाच खुकुरीत तीन तऱ्हेची धार असते, तुम्ही विचारलंच नाही.

परत आल्यावर पौषात यजमानांचा फोनवर फोटो आला. पोटाची धार जशीच्या तशी, दोनदा चकमक फिरवलाय म्हणे. टोकाकडे मात्र दोन दाते पडलेत; पुतण्यानं जमिनीवरचं निगालो, म्हणजे बारीक बांबू, तोडताना खालच्या दगडावर मारली. थोरल्यानं आपली खुकुरी बाजारात दिलेली नाही. बांना यंदा दोन्ही घरांतून मिळून एक पोतं मका गेला, आणि मजुरीचे पैसे वेगळे.

मी उलट टपाली विचारलं, टोकाजवळ १ मिलिमीटरवर जाडी किती आहे. उत्तर आलं, ‘‘साहेब, व्हर्नियर तुमच्याकडे आहे.’’